‘ऑर्केस्ट्रा वाइव्हज’ पहिल्यांदा पाहताना: बिग बँडचा चित्रपट कान उघडे ठेवून कसा पाहावा

१९४२ सालचा ‘ऑर्केस्ट्रा वाइव्हज’ हा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा कृष्णधवल संगीतपट. दिग्दर्शक आर्ची मेयो. गावोगाव फिरणारा एक नृत्यबँड, त्यातले वादक आणि दौऱ्यावर त्यांच्यासोबत निघालेल्या बायका अशी गोष्ट आहे. तीच पाहायला बसलात तर पहिल्या अर्ध्या तासात ती साधी वाटेल आणि चित्रपट मध्येच सोडावासा वाटेल. बहुतेक नवख्यांचं असंच होतं. खरा ऐवज आहे तो बँड. पडद्यावरचा ‘जीन मॉरिसन’ म्हणजे प्रत्यक्षातले ग्लेन मिलर, आणि त्यांच्यामागे बसलेले बहुतेक लोक म्हणजे त्यांचा खराखुरा बँड. चित्रपट सप्टेंबर १९४२मध्ये आला आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला न्यू जर्सीतल्या पसेइक इथे या बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला. मिलर सैन्यात गेले. १५ डिसेंबर १९४४ला इंग्लंडहून फ्रान्सकडे निघालेलं त्यांचं विमान बेपत्ता झालं. या बँडने पूर्ण लांबीचे दोनच चित्रपट केले, त्यांतला हा दुसरा. तो कसा पाहायचा, ते क्रमाने सांगतो.

पायरी १: प्रत तपासून घ्या

चित्रपट साधारण ९८ मिनिटांचा आहे. तुमची प्रत ८५-९० मिनिटांची असेल तर काहीतरी कापलेलं आहे, आणि बहुधा गाणंच कापलेलं असतं. अशा प्रतीवर वेळ घालवू नका.

९४ मिनिटांची प्रत मिळाली तर गोष्ट वेगळी. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो. पाल पद्धतीच्या व्हिडिओसाठी, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीसाठी, तो २५ चौकटींनी चालवत. त्यात काही कापलं जात नाही, पण सगळं चार टक्क्यांनी जलद होतं आणि सूरही चढतो. ही चढ अर्ध्या सुरापेक्षा किंचित कमी असते. पांढरी चारमधलं गाणं काळी तीनकडे सरकतं, पण तिथे नीट पोहोचत नाही. पेटी घेऊन सोबत वाजवायला बसलात तर कुठलीच पट्टी जुळणार नाही आणि दोष तुमच्या कानाचा वाटेल. तो प्रतीचा असतो. ज्या प्लेयरमध्ये वेग बदलता येतो आणि वेगाबरोबर सूरही उतरू देता येतो, तिथे वेग ०.९६ ठेवा, म्हणजे मूळ पट्टी मिळेल. सूर न बदलता वेग कमी करणारी सोय सुरू असेल तर ती आधी बंद करा, नाहीतर ताल जागेवर येईल आणि सूर चढलेलाच राहील.

रंगवलेली प्रत मिळाली तर बाजूला ठेवा. छायाचित्रण लुसियन बॅलार्ड यांचं आहे. पितळी वाद्यांवर पडलेला प्रकाश आणि वादकांच्या मागचा अंधार हे दोन्ही राखाडीच्या छटांसाठी योजलेलं आहे.

पायरी २: टीव्ही आणि आवाज जागेवर आणा

चित्राची चौकट जवळजवळ चौकोनी आहे, १.३७ला १. रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. त्या नसतील तर टीव्हीने चित्र ताणलंय किंवा वरून-खालून कापलंय. कापलेल्या चित्रात सगळ्यात आधी वरच्या ओळीतले ट्रम्पेटवाले जातात आणि खालून नाचणाऱ्यांचे पाय. शेवटच्या नाचात पाय दिसले नाहीत तर पाहण्यासारखं काय उरलं? हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद ठेवा.

आवाज एकाच मार्गाचा, म्हणजे मोनो आहे. टीव्हीतला ‘सराउंड’, ‘सिनेमा’, ‘संवाद स्पष्ट’ असला प्रकार सुरू असेल तर तो पितळी वाद्यांना पत्र्याचा आवाज देतो. सगळं बंद करून साधा आवाज ठेवा. मोबाइलच्या स्पीकरवर तर हा चित्रपट पाहूच नका. डबल बासची, म्हणजे उभं राहून वाजवायच्या त्या भल्यामोठ्या तंतुवाद्याची, सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते. फोनचा इवलासा स्पीकर तिच्या जवळपासही जात नाही, आणि बास गेला की नाचायला लावणारा पायाच जातो. साधे वायरचे हेडफोनही चालतील.

पायरी ३: चित्रपटाआधी तीन गाणी नुसती ऐका

पडद्यावर एकाच वेळी इतकं काही चाललेलं असतं की अनोळखी संगीत कानाला लागत नाही. म्हणून ‘अ‍ॅट लास्ट’, ‘सेरेनेड इन ब्लू’ आणि ‘आयव्ह गॉट अ गॅल इन कॅलमझू’ ही तीन गाणी तबकडीच्या रूपात आधी ऐकून घ्या. तिन्हीची चाल हॅरी वॉरन यांची, शब्द मॅक गॉर्डन यांचे. बँडने ही तिन्ही २० मे १९४२ला शिकागोत व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत, त्यामुळे सगळं आटोपशीर आहे. चित्रपटात हीच गाणी मोकळी होतात.

ऐकताना आधी मापं मोजा. ‘अ‍ॅट लास्ट’ चार मात्रांच्या मापांत बसवलेलं आहे. आठ मापांचा एक तुकडा, तसे चार तुकडे, एकूण ३२ मापं. पहिला, दुसरा आणि चौथा तुकडा एकाच चालीचा, तिसरा वेगळा. आपल्या गाण्यात मुखडा आणि अंतरा ज्या नात्याने येतात, साधारण तेच नातं इथे आहे. पायाने एक-दोन-तीन-चार धरा, प्रत्येक मापाला एक बोट दुमडा. दोनतीनदा केलं की तिसरा तुकडा येतोय हे आधीच कळू लागेल. नवख्यांची गफलत इथे ठरलेली: ते शब्दांच्या मागे जातात आणि गायक थांबला की गाणं संपलं असं समजतात. बँड मात्र त्याच ३२ मापांवर पुढे चाललेला असतो. गायकानंतरचं वादन म्हणजे तीच चाल, वाद्यांसाठी नव्याने लिहिलेली.

मग मिलर यांचा खास आवाज शोधा. नेहमीच्या बँडमध्ये सॅक्सोफोनच्या ताफ्यात वरचा सूर उंच आवाजाच्या आल्टो सॅक्सोफोनकडे असतो. मिलर यांनी तो क्लॅरिनेटला दिला. एक सप्तक खाली टेनर, म्हणजे आल्टोहून खालच्या आवाजाचा सॅक्सोफोन तीच चाल धरतो, आणि उरलेले तीन सॅक्सोफोन या दोघांच्या मधली जागा भरतात. क्लॅरिनेट विल्बर श्वार्ट्झ यांचं. ऐकताना एक युक्ती करा: आधी फक्त सगळ्यात वरचा आवाज धरा, मग त्याच चालीचा खालचा जुळा शोधा. तो सापडला की हा बँड दुसऱ्या कुठल्याही बँडपासून दोन मापांत वेगळा ओळखता येईल. सगळ्या गाण्यांत ही रचना नसते, संथ गाण्यांत जास्त सापडते.

‘सेरेनेड इन ब्लू’ची सुरुवात लांबलचक आहे, चाल लवकर हातीच लागत नाही. वाद्यरचना बिल फिनेगन यांची, आरंभाच्या भागात बिली मे यांचाही हात आहे. घाईने पुढे सरकवू नका. नाचायच्या बँडने इतका वेळ तालाला थांबवून ठेवावं ही त्या काळी धाडसाचीच गोष्ट होती, आणि या चित्रपटातलं सगळ्यात सुंदर लेखन तेच आहे असं आमचं ठाम मत.

पायरी ४: कोण वाजवतंय आणि कोण वाजवल्यासारखं करतंय

हिंदी-मराठी चित्रपट पाहणाऱ्याला प्लेबॅक समजावून सांगायला नको. इथे गाण्याबरोबर वाद्यांचाही प्लेबॅक आहे. आधी ध्वनिमुद्रण करायचं, मग ते वाजवून त्यावर चित्रीकरण.

नायक बिल अ‍ॅबट हा ट्रम्पेटवादक. भूमिका जॉर्ज माँटगोमेरी यांची, ऐकू येणारा ट्रम्पेट प्रामुख्याने जॉनी बेस्ट यांचा. पियानोवादक सिंजिन म्हणजे सेझर रोमेरो, पियानो चमी मॅकग्रेगर यांचा. बासच्या मागे उभे असलेले तरुण गृहस्थ जॅकी ग्लीसन आहेत, जे पुढे अमेरिकन टीव्हीवरचे मोठे विनोदी नट झाले. बास डॉक गोल्डबर्ग यांचा. गायिका जेनी झालेल्या लिन बारी यांच्यासाठी पॅट फ्रायडे यांनी गायलं. पडद्यावर त्यांचं नाव नाही. मिलर यांच्या आधीच्या चित्रपटातही, १९४१च्या ‘सन व्हॅली सेरेनेड’मध्ये, बारी यांचा गाता आवाज पॅट फ्रायडे यांचाच होता. एवढा सुरेल आवाज दोन चित्रपट गाजवतो आणि नावाची एक ओळ मिळत नाही, हे मनाला लागतं. तुम्ही तरी ऐकताना त्यांचं नाव घ्या.

टेक्स बेनिकी (टेनर सॅक्सोफोन आणि गायन), मॅरियन हटन, रे एबर्ली आणि ‘मॉडर्नेअर्स’ हा गायकांचा संच, हे सगळे मात्र स्वतःच आहेत. ट्रॉम्बोन हातात घेऊन समोर उभे असलेले मिलरही.

नट खरंच वाजवतोय का, हे ओळखायला दोन जागा पाहा. पहिली खांदे आणि छाती. ट्रम्पेटवर लांब ओळ घ्यायची तर आधी पोटभर श्वास लागतो. सूर सुरू झाला आणि शरीर आधी हललंच नाही तर तो श्वास दुसऱ्या कुणाचा. दुसरी जागा बोटं. ट्रम्पेटला तीनच खटके असतात, सूर खटके आणि ओठांचा ताण यांच्या जोडीने बदलतो. त्यामुळे एकही खटका न दाबता चारपाच वेगळे सूर निघू शकतात. बोटं स्थिर दिसली म्हणून लगेच ‘खोटं’ म्हणू नका. जलद सरकती ओळ चालली असताना बोटं थबकली तर शंका घ्या. आता माँटगोमेरी यांच्या मागे बसलेल्या खऱ्या ट्रम्पेटवाल्यांकडे पाहा. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यांत जो ताण दिसतो तो शिकवून येत नाही.

पायरी ५: पहिला फेरा न थांबता

आता चित्रपट सलग पाहा. कथा एवढी माहीत असली की पुरे: छोट्या गावातली कॉनी वॉर्ड (अ‍ॅन रदरफोर्ड) बँडच्या ट्रम्पेटवाल्यावर भाळते, झटपट लग्न होतं, आणि ती दौऱ्यावर येते. तिथे आधीपासून मुरलेल्या बायका आहेत: नॅटली (कॅरोल लँडिस), एल्सी (व्हर्जिनिया गिलमोर), कॅरोलाइन (मेरी बेथ ह्यूज). शिवाय नवऱ्याशी जुना संबंध असलेली गायिका जेनी. कुजबुज वाढते, नवरे आपसांत भांडतात, आणि चांगला जमलेला बँड फुटतो. तो पुन्हा कसा जुळतो ते पडद्यावरच पाहा.

या फेऱ्यात कागद-पेन नको. उपशीर्षकं लावायला हरकत नाही, संवाद भराभर आहेत आणि १९४०च्या दशकातली बँडवाल्यांची बोली आजच्या इंग्रजी ऐकणाऱ्यालाही अडखळवते. गाणी सुरू झाली की मात्र नजर अक्षरांवरून काढा.

बायकांच्या प्रसंगांना कंटाळून पुढे ढकलणारे पुष्कळ. तसं करू नका. एक रात्र एका गावात, दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात, हे त्या काळच्या बँडचं पोट भरण्याचं साधन होतं. तबकड्या आणि रेडिओने नाव व्हायचं, पैसा नाचघरांच्या दौऱ्यांतून. अशा दौऱ्यात बायकोला करायला काहीच नसतं. नवरे संध्याकाळी स्टेजवर, रात्री प्रवासात, दिवसा झोपलेले. चित्रपटातल्या बायका हॉटेलात आणि रेल्वेच्या डब्यात पत्ते आणि चहाड्या यांच्यावर दिवस काढतात, ते त्या रिकामपणामुळे. लेखकांनी त्यांना विखारी रंगवलं आहे आणि सगळा दोष त्यांच्या माथी मारला आहे. बिल आणि जेनी यांच्याकडे मात्र गोष्ट बरीच सौम्य नजरेने पाहते. हा अन्याय लक्षात ठेवून पाहिलं तर कॅरोल लँडिस यांचा अभिनय जास्त कळतो: हसत हसत दिलेला प्रत्येक टोला नव्या मुलीला आपल्या पंगतीत ओढण्यासाठी आहे.

आणखी एक गोष्ट पडद्यावर जवळजवळ नाहीच. १९४२च्या सुरुवातीपासून अमेरिकेत टायरांचं रेशनिंग सुरू झालं होतं, बसने फिरणाऱ्या बँडची त्यात फार ओढाताण झाली. १ ऑगस्ट १९४२पासून वादकांच्या संघटनेने तबकड्यांसाठीचं ध्वनिमुद्रणच बंद ठेवलं. मे महिन्यातली ती तीन गाणी या बंदीच्या आधी निसटली, म्हणून आज आहेत.

पायरी ६: दुसरा फेरा, फक्त गाण्यांचा

दोनतीन दिवस जाऊ द्या. मग फक्त वाजवण्याचे प्रसंग पाहा, प्रत्येक दोनदा. पहिल्यांदा डोळे मिटून, दुसऱ्यांदा उघडून.

बँडची बैठक पाहून ठेवा: पुढे सॅक्सोफोन, त्यांच्यामागे ट्रॉम्बोन आणि ट्रम्पेट, बाजूला पियानो, गिटार, बास, ड्रम. या बँडचा नेहमीचा हिशेब असा: मिलर धरून चार ट्रॉम्बोन, चार ट्रम्पेट, पाच सॅक्सोफोन, चार तालाचे. एकूण १७. डोळे मिटून ऐकताना प्रत्येक नव्या ओळीला मनात नाव द्या: ‘सॅक्स’, ‘ट्रॉम्बोन’, ‘सगळे’. मग पाहून पडताळा. ट्रॉम्बोन आणि खालचे सॅक्सोफोन सुरुवातीला एकमेकांत मिसळतात. खूण अशी: ट्रॉम्बोनचा सूर घसरत येऊ शकतो, सॅक्सोफोनच्या सुराला तोंडाशी बसवलेल्या काडीची किंचित खरखर असते.

ट्रॉम्बोन-ट्रम्पेटवाले वाद्याच्या तोंडासमोर टोपीसारखी झाकणं धरून एकदम उघडझाप करताना दिसतील. ‘वा-वा’ असा बोलल्यासारखा आवाज त्यातूनच येतो. झाकलं की सुरातले उंच, धारदार स्वरांश दबतात, उघडलं की सुटतात. सगळ्यांचे हात एकाच मात्रेवर फिरले नाहीत तर आवाज चिखलासारखा होतो, म्हणून या हालचालीचीही तालीम असायची. पाहायला छान दिसतं ते वेगळंच.

‘बूगल कॉल रॅग’ जलद आहे, तिथे मॉरिस पर्टिल यांच्या ड्रमकडे कान द्या. ‘अ‍ॅट लास्ट’चं गायन रे एबर्ली आणि पॅट फ्रायडे यांचं. हे गाणं खरं तर ‘सन व्हॅली सेरेनेड’साठी तयार झालं होतं, तिथे ते नुसतं वाद्यांवर वाजलं आणि शब्द इथे आले. बहुतेकांना आज ते एटा जेम्स यांच्या १९६०च्या आवाजात माहीत असतं. आधी ते ऐकलेलं असेल तर हे फार सरळ, जवळजवळ भिडस्त वाटेल. इथे गायक सूर ताणत नाही, कारण त्याच्यासमोर जोड्या नाचतायत. माप हललं तर त्यांचे पाय अडखळतील.

पायरी ७: कॅलमझू, आणि मग भिंत

शेवटाकडे येणारं ‘कॅलमझू’ हे मिशिगनमधल्या एका गावाचं नाव घेऊन बांधलेलं गाणं. ऑस्करसाठी त्याचं नामांकन झालं, पुरस्कार ‘व्हाइट ख्रिसमस’ला गेला. बेनिकी, मॅरियन हटन आणि मॉडर्नेअर्स गावाची स्पेलिंग अक्षर-अक्षर गातात. गाणं संपल्यासारखं वाटतं तिथे प्रत बंद करू नका, कारण पुढे निकोलस बंधू येतात.

फेयार्ड आणि हॅरॉल्ड निकोलस. नृत्यदिग्दर्शन निक कॅसल यांचं. पहिल्यांदा नुसतं पाहा, दुसऱ्यांदा निम्म्या वेगाने. तीन गोष्टी शोधा. एक, पाय दोन दिशांना पसरून थेट जमिनीवर बसणं, आणि हात न टेकता तसंच सरळ वर येणं. सगळी ताकद मांड्यांच्या आतल्या बाजूची आहे. दोन, भिंतीवर धावत जाऊन मागे कोलांटी घेणं आणि तसंच पसरल्या पायांवर उतरणं. हे ‘सिंगिंग इन द रेन’मधल्या भिंतीवरच्या कोलांटीच्या दहा वर्षं आधीचं. तीन, जमिनीवर असताना हातांकडे पाहा. पाय इतकं करत असताना हात अगदी सैल, बोटांच्या टोकांपर्यंत नेटके. कमी कसलेल्या नर्तकाचे हात अशा वेळी मुठी होतात.

हे दोघे कथेत कुठेच नाहीत. येतात, नाचतात, जातात. त्या काळच्या हॉलिवुडमध्ये कृष्णवर्णीय कलाकारांचे नाच मुद्दाम कथेपासून सुटे ठेवत, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, वर्णभेद पाळणाऱ्या राज्यांतल्या थिएटरांना ते कापता यावेत म्हणून. मिलर यांचा बँडही पूर्ण गोऱ्यांचा होता. स्विंग, म्हणजे असे बँड वाजवत ते नाचाचं जॅझ संगीत, मुळात कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेलं, आणि या चित्रपटात त्यांच्या वाट्याला शेवटची काही मिनिटं आली. ती मिनिटं चित्रपटात सगळ्यांत श्रेष्ठ आहेत.

पायरी ८: पुढे काय

आधी ‘सन व्हॅली सेरेनेड’. निकोलस बंधू तिथेही आहेत, ‘चॅटानूगा चू चू’ या गाण्यात. मग १९४३चा ‘स्टॉर्मी वेदर’, कॅब कॅलोवे यांच्या बँडवर याच भावांचा जिन्यावरचा नाच. मिलर यांच्याच आवाजात अडकून न राहता काउंट बेसी आणि ड्यूक एलिंग्टन यांची त्याच वर्षांची ध्वनिमुद्रणं ऐका. कागदावर काटेकोर लिहिलेला बँड आणि वादकांना मोकळं सोडणारा बँड यांतला फरक पाच मिनिटांत कानाला कळतो.

आणि आपल्याकडचा १९५१चा ‘अलबेला’ पुन्हा लावा. दिग्दर्शक भगवानदादा, संगीत सी. रामचंद्र ऊर्फ रामचंद्र चितळकर. मुंबईच्या हॉटेलांत आणि नाचघरांत हेच संगीत वाजवणारे गोव्याचे वादक या काळात चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात होते. अल्दोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, यांचा बँड ‘अलबेला’त पडद्यावरही दिसतो. पायरी ४मधली खांद्यांची आणि बोटांची परीक्षा तिथे लावून पाहा. त्यांचे श्वास जागच्या जागी पडतात.